ज्यावर कोणी बोलत नाही तो फोन

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत आमची एक दुमजली व्यावसायिक इमारत आहे. आमची म्हणजे माझे यजमान, माझे धाकटे दीर आणि मी अशा तिघांच्या नावावर. खाली किराणा दुकान आणि दंतवैद्याचा दवाखाना, वर एका करसल्लागाराचे ऑफिस आणि कथकचा वर्ग. भाडेकरूंशी बोलणे, छप्पर, बर्फ आणि पार्किंग ही खाती भाऊजींची, आणि हिशेब माझा. २०२३च्या जानेवारीत वर्षाची बिले घेऊन बसले असताना फोनच्या बिलात मला असे दोन क्रमांक दिसले, जे आम्हां तिघांपैकी कोणाच्याही ओळखीचे नव्हते. मी ते दोन्ही फिरवून पाहिले. एकावर बराच वेळ घंटा वाजत राहिली आणि दुसऱ्यावर खरखर करणारा एक सूर ऐकू येऊन फोन बंद झाला. या दोन क्रमांकांसाठी आम्ही महिन्याला शंभर डॉलरांहून अधिक मोजत होतो, आणि दर वर्षी तो आकडा गुपचूप वाढत होता.

हिशेब ठेवणाऱ्या बाईला असे काही सापडले की तिला जो आनंद होतो, तो मलाही झाला. इमारतीच्या इतर फोनसाठी आम्ही त्याच सुमारास इंटरनेटवरून चालणारी सेवा घेत होतो. तिच्याच पॅकेजमध्ये हे दोन क्रमांकही बसवून द्यावेत असे मी सांगितले. जोडणीला आलेल्या मुलाने तळघरातल्या लाल पेटीकडे जाणाऱ्या दोन वायरी जुन्या जागेवरून काढल्या, आपल्या नव्या पांढऱ्या डबीत खोचल्या, दोन्हींवर डायल टोन येतो हे तपासले आणि माझी सही घेऊन तो गेला. लाल पेटी म्हणजे आमच्या फायर अलार्मचे पॅनेल. तिच्यावरचा हिरवा दिवा पूर्वीसारखाच लागलेला होता.

पाच-सहा आठवड्यांनी एक पत्र आले. आमच्या अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंग स्टेशनने कळवले होते की आमच्या पॅनेलकडून रोज येणारा चाचणीचा संदेश अनेक दिवस आलेला नाही, मधेच एखादा येतो आणि पुन्हा खंड पडतो, आणि आमच्या संपर्क यादीतल्या पहिल्या क्रमांकावर फोन केल्यास तो बंद असल्याचे कळते. पहिला क्रमांक होता वरच्या मजल्यावर पूर्वी असलेल्या गालिच्यांच्या दुकानाचा. ते दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. दुसरा क्रमांक भाऊजींचा होता, पण त्यांनी तो केव्हाच बदलला होता.

“वहिनी, पॅनेलवर हिरवा दिवा आहे, मग तक्रार कसली?” भाऊजींचा प्रश्न रास्त होता. माझाही तोच प्रश्न होता.

उत्तर दिले ते अलार्म कंपनीकडून आलेल्या एका वयस्क तंत्रज्ञाने. तळघरात उलट्या ठेवलेल्या दुधाच्या क्रेटवर बसून, पॅनेलचे दार उघडे टाकून, त्याने जवळजवळ तासभर माझी शिकवणी घेतली. त्यातले मला जेवढे नीट समजले आणि नंतर वाचून जेवढे पक्के झाले, तेवढे इथे लिहीत आहे, कारण दुकान, मोटेल, डे केअर किंवा छोटे ऑफिस चालवणारी आपली कितीतरी माणसे या देशात आहेत आणि त्यांच्याही बिलात असे दोन अनोळखी क्रमांक असण्याचा संभव बराच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे अलार्म वाजणे आणि अलार्म पोहोचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. धूर लागला की भोंगे वाजतात आणि दिवे लखलखतात, ते आत असलेल्या माणसांनी बाहेर पडावे म्हणून. रात्री दोन वाजता आत माणूसच नसतो, आणि भोंगा ऐकून कोणी शेजारी ९११ फिरवील यावर इथला कायदा विसंबून राहत नाही. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेत असे आहे की जिथे फायर अलार्म बंधनकारक आहे, तिथे काही अपवाद वगळता तो एखाद्या मान्यताप्राप्त देखरेख केंद्राशी जोडलेला असला पाहिजे. तो कसा जोडावा, हे सांगणारा ग्रंथ म्हणजे एनएफपीए ७२, अर्थात राष्ट्रीय फायर अलार्म आणि संकेत संहिता. पॅनेलने केंद्राला कळवायचे आणि केंद्रातल्या माणसाने अग्निशमन दलाला, अशी ती साखळी असते. आमच्या साखळीतली मधली कडी म्हणजे मी हौसेने हलवलेल्या त्या दोन वायरी.

पॅनेलच्या आत फोन करणारा जो भाग असतो, त्याला या धंद्यातली माणसे ‘डॅक्ट’ किंवा नुसते ‘डायलर’ म्हणतात. तो खरोखरच फोन करतो. लाइन ताब्यात घेतो, डायल टोनची वाट पाहतो, केंद्राचा क्रमांक फिरवतो. पलीकडचे यंत्र फोन उचलून एकापाठोपाठ दोन सूर काढते, पहिला १४०० हर्ट्झचा आणि दुसरा २३०० हर्ट्झचा. ते ऐकले की आपला डायलर, फोनची बटणे दाबल्यावर येतात तशा सुरांत, सोळा अंक भराभर म्हणून टाकतो. आधी चार अंकी खाते क्रमांक, मग संदेशाचा प्रकार म्हणून १८, मग नवी घटना म्हणून १, मग आगीसाठी ११०, मग विभाग, मग झोन आणि शेवटी आधीचे सगळे अंक बरोबर पोहोचले की नाही हे ताडून पाहणारा एक अंक. बेरीज जुळली तर केंद्राचे यंत्र पुन्हा १४०० हर्ट्झचा एक लांब सूर देते. त्याला ‘किसऑफ’ म्हणतात, म्हणजे निरोप घेतानाचे चुंबन, आणि हे नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला दाद दिलीच पाहिजे. किसऑफ मिळेपर्यंत डायलरचे समाधान होत नाही. एका प्रयत्नाला जास्तीत जास्त ९० सेकंद, आणि पोहोचले नाही तर किमान पाच व कमाल दहा प्रयत्न, असा संहितेचा दंडक आहे.

मी फिरवलेल्या क्रमांकावर जी खरखर ऐकू आली होती, तो बहुधा आमच्याच पॅनेलचा आवाज असावा. केंद्राला बाहेरून पॅनेलची सेटिंग पाहता यावीत म्हणून काही पॅनेले आलेला फोन उचलतात, असे त्याने सांगितले.

मग त्याने भिंतीवरचा एक मळका, चौकोनी जॅक दाखवला. साध्या फोनच्या जॅकपेक्षा तो थोडा रुंद असतो, आत आठ पिना असतात आणि त्याचे नाव आरजे-३१एक्स. रस्त्यावरून आलेली तार इमारतीतल्या कुठल्याही फोनकडे जाण्यापूर्वी या जॅकमध्ये येते, तिथून डायलरमध्ये जाते आणि डायलरमधून परत फिरून मग बाकीच्या फोनकडे जाते. त्यामुळे दुकानातला माणूस गावाकडे आईशी बोलत असला आणि तेवढ्यात आग लागली, तर डायलर ते बोलणे मधूनच तोडतो आणि लाइन स्वतःकडे घेतो. याला लाइन सीझर म्हणतात आणि तो असलाच पाहिजे असा नियम आहे. जॅकमधून प्लग उपसला की आतल्या दोन पत्र्या आपोआप एकमेकींना टेकतात आणि फोन पूर्ववत चालू राहतात. आमच्याकडे नवी जोडणी करणाऱ्या मुलाने हा जॅक बाजूला ठेवून वायरी थेट डबीत घातल्या होत्या. त्याचा त्यात दोष नव्हता, त्याला फोन चालू करून द्यायचे होते आणि ते त्याने केले होते.

आता दोन लाइनी कशाला, हा प्रश्न. याचे उत्तर समजायला थोडे मागे जावे लागते. बॉस्टन शहराने १८५२ साली विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांच्या कल्पनेतून आगीची वर्दी देणारी तारयंत्रणा उभी केली. रस्त्यारस्त्यावर पेट्या बसवल्या आणि त्यांना जोडणाऱ्या तारांतून सतत वीज खेळती ठेवली. अशा तारेचा गुण असा की ती तुटली तर तत्क्षणी कळते, कारण वीज थांबते. डायलरच्या फोनचे तसे नाही. तो चोवीस तासांतून एकदा बोलतो आणि उरलेला वेळ गप्प असतो, आणि तो गप्प आहे की मेला आहे हे केंद्राला दुरून कळायला मार्ग नाही. म्हणून जुन्या आवृत्त्यांत संहितेने तीन बंधने घातली. लाइनी दोन हव्यात, म्हणजे एक गेली तर दुसरीवरून बातमी जाईल. पॅनेलने दोन्ही लाइनींवर डोळा ठेवावा आणि एखादी मेली तर जागेवरच बीप करून आणि उरलेल्या लाइनीवरून केंद्राला सांगून बोभाटा करावा. आणि रोज एक चाचणी, आज या लाइनीवरून तर उद्या त्या. त्याखेरीज पब्लिक फोनची किंवा शेजाऱ्याशी वाटून घेतलेली लाइन चालणार नाही, अशीही तंबी आहे. आज ती वाचून हसू येते, पण कोणीतरी कधीतरी तसे केले असणार.

पॅनेल लाइनीवर डोळा ठेवते म्हणजे नेमके काय करते, हा भाग मला सर्वांत रंजक वाटला आणि आमची फसगतही तिथेच झाली. जुन्या तांब्याच्या लाइनीवर टेलिफोन एक्स्चेंजमधून सुमारे ४८ व्होल्टचा दाब कायम येत असतो. तो एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवरून येतो, त्यामुळे आपल्या इमारतीची वीज गेली, सबंध गल्ली अंधारात बुडाली, तरी फोन चालू राहतो. पॅनेल या दाबावर नजर ठेवते. दाब आहे म्हणजे तार आहे, आणि दाब गेला म्हणजे कुठेतरी तुटली. तांब्याच्या जमान्यात हा निष्कर्ष बिनचूक होता. आमच्या नव्या पांढऱ्या डबीलाही दोन फोन जोडायचे होते, म्हणून ती स्वतःच हा दाब तयार करत होती आणि डायल टोनही स्वतःच देत होती. तंत्रज्ञाने माझ्यासमोर रस्त्याकडून येणारी इंटरनेटची केबल मोडेममधून उपटली. पॅनेलवरचा हिरवा दिवा ढिम्म हलला नाही. फूटभर अंतरावरच्या डबीतून दाब येत होता आणि पॅनेलला वाटत होते की एक्स्चेंजपर्यंत सगळे आलबेल आहे. डबी कोणतीही असली तरी हे असेच होते असे नाही, काही डब्या संपर्क तुटल्यावर दाब काढून घेतात. आमची घेत नव्हती.

शिवाय दोन लाइनी म्हणून ज्या मी मिरवत होते, त्या आता एकाच डबीतून, एकाच मोडेममधून आणि एकाच केबलमधून बाहेर पडत होत्या. नावाला दोन, जिवाला एक. ज्या भीतीपोटी दुसरी लाइन मागितली होती, ती भीती मी पॅकेजसकट घरात आणून ठेवली होती.

चाचणीचे संदेश मधेच पोहोचत आणि मधेच का पोहोचत नव्हते, याचे कारण आणखी वेगळे होते. इंटरनेटवरून जाणारा आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो, आणि जागा वाचावी म्हणून तो अनेकदा दाबून बारीक केला जातो. हे दाबणे माणसाच्या बोलण्याला धरून बेतलेले असते. आपले बोलणे थोडे चेपले गेले, एखादा कण गळला, तरी ऐकणारा माणूस ते मनात भरून काढतो. सोळा अंकांचे सूर ऐकणाऱ्या यंत्राला मन नसते. एक सूर वाकडा आला की बेरीज चुकते आणि किसऑफ मिळत नाही. डायलर पुन्हा प्रयत्न करतो, दहा वेळा करतो आणि मग थकतो. दुपारी करून पाहिलेली चाचणी व्यवस्थित गेली आणि रात्रीची गेली नाही, असे आमच्याकडे खरोखर झाले होते.

आणि वीज. पॅनेलच्या पोटात दोन बॅटऱ्या असतात, आणि वीज गेल्यावर त्यांच्यावर पॅनेल चोवीस तास जागे राहून नंतर पाच मिनिटे भोंगे वाजवू शकेल असा हिशेब केलेला असतो. आमचे मोडेम आणि ती डबी मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर होती, तीही किराणा दुकानाच्या फ्रीजरच्या सॉकेटशेजारी, जिथे सफाई करणारा मुलगा रोज रात्री व्हॅक्यूम क्लीनर लावतो.

इथे एक न्यायाचे बोलले पाहिजे. केबलवरून किंवा फायबरवरून येणारा प्रत्येक फोन अलार्मला वर्ज्य आहे, असे संहिता म्हणत नाही. ज्या कंपनीचे जाळे तुमच्या दारापासून सार्वजनिक टेलिफोन जाळ्यापर्यंत तिच्या स्वतःच्या व्यवस्थापनाखाली असते, जिथे सूर जसेच्या तसे पोहोचवण्याची आणि बॅटरीची हमी असते, त्या सेवेला ‘मॅनेज्ड फॅसिलिटीज व्हॉइस नेटवर्क’ असे लांबलचक नाव आहे आणि संहितेने २०१०च्या आवृत्तीपासून तिला जुन्या फोनच्या पंगतीत बसवले आहे. म्हणून ‘तुमचा फोन इंटरनेटवरचा आहे का’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. विचारायचे ते हे, की ही सेवा फायर अलार्मसाठी चालेल असे कंपनी लेखी देते का. आमच्या सेवेच्या करारात बारीक अक्षरांत नेमके उलट लिहिलेले होते, आणि त्या करारावर सही माझी होती.

तंत्रज्ञाने नियमाप्रमाणे ही बाब अग्निशमन अधिकाऱ्याला कळवली आणि दुरुस्ती होईपर्यंत आमच्यावर ‘फायर वॉच’ बसला. म्हणजे इमारत बंद असेल त्या वेळात कोणीतरी माणसाने ठरावीक अंतराने सगळ्या मजल्यांवरून फिरायचे आणि वेळ लिहून सही करायची. गावात पूर्वी जागल्या फिरायचा तसे चार रात्री माझे यजमान आणि भाऊजी आळीपाळीने फिरले. ती वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात पहाटे साडेतीनच्या नोंदीपुढे भाऊजींनी ‘सर्व ठीक, थंडी फार’ असे मराठीत लिहिले आहे आणि त्याखाली अधिकाऱ्याने तपासल्याची खूण केली आहे.

पुढे काय करायचे हे ठरवताना मी पहिल्यांदा, साहजिकच, दोन तांब्याच्या लाइनी परत मागितल्या. त्या मिळाल्या असत्या, पण आधीपेक्षा बऱ्याच चढ्या दराने. याच सुमारास एका विक्रेत्याचे पत्र आले. त्यात म्हटले होते की सरकारी आदेशानुसार २ ऑगस्ट २०२२पासून देशातल्या सर्व तांब्याच्या लाइनी बंद झाल्या असून त्याचे यंत्र न घेतल्यास आमची इमारत बेकायदा ठरेल. हे धादांत खोटे आहे, आणि ते इतक्यांनी इतक्यांदा छापले आहे की ते खरे वाटू लागले आहे. खरी गोष्ट अशी की एफसीसीने, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या दूरसंचार आयोगाने, ऑगस्ट २०१९मध्ये एक आदेश काढून जुन्या टेलिफोन कंपन्यांना एका बंधनातून मोकळे केले. आपल्या साध्या लाइनी प्रतिस्पर्धी कंपन्यांना नियंत्रित अटींवर देण्याचे ते बंधन होते, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली होती. ती मुदत त्या तारखेला संपली. लाइनी बंद करा असे कोणी कोणाला सांगितलेले नाही. परिणाम मात्र झाला तो असा की दरावरचा लगाम सैल झाला, आणि जी वस्तू कंपनीलाच नकोशी झाली आहे तिचे भाव तिने आपल्यालाही नकोसे केले.

तांबे जात आहे हे खरेच आहे. आमच्या राज्याने ते फार लवकर पाहिले. ऑक्टोबर २०१२च्या अखेरीस सँडी वादळाने किनाऱ्यावरचे मॅन्टोलोकिंग हे छोटे गाव उद्ध्वस्त केले, तेव्हा टेलिफोन कंपनीने तिथली तांब्याची तार पुन्हा टाकलीच नाही आणि तिच्या जागी मोबाइलच्या जाळ्यावर चालणारी घरगुती डबी देऊ केली. तिच्यावर बोलता येत होते, पण अलार्मचे संदेश आणि फॅक्स जात नव्हते, आणि त्यावरून तेव्हा बरेच वादंग झाले. ते वर्तमानपत्रात वाचताना या सगळ्याशी माझा कधी संबंध येईल असे वाटले नव्हते.

संहितेनेही हे वारे ओळखले आहे. २०१३च्या आवृत्तीपासून नव्या डायलरला दोन टेलिफोन लाइनी ही नेहमीची वाट राहिली नाही. एक लाइन टेलिफोनची असेल तर दुसरी वाट वेगळ्या तंत्राची हवी, मोबाइल किंवा रेडिओसारखी, आणि दोन्ही लाइनी टेलिफोनच्याच ठेवायच्या तर दुसरे काही उपलब्ध नाही हे स्थानिक अधिकाऱ्याला पटवावे लागते. रोजची चाचणीही दर सहा तासांवर आली. डायलर नकोच असेल तर मोबाइलवर चालणारा एकच कम्युनिकेटर, म्हणजे डायलरऐवजी केंद्राला संदेश पाठवणारे यंत्र, तेही चालते, पण मग तो जिवंत असल्याची खात्री केंद्राने किमान दर साठ मिनिटांनी करून घेतली पाहिजे. याच्या आधीच्या, २०१०च्या आवृत्तीत ती पाच मिनिटांनी करावी लागे. दोन वाटा असतील तर प्रत्येकीसाठी सहा तासांची मुभा आहे. अर्थात कोणत्या गावात कोणती आवृत्ती लागू आहे ते राज्याने केव्हा काय स्वीकारले यावर ठरते, आणि जुन्या इमारतीतली जुनी जोडणी तिच्या काळच्या नियमांवर चालू राहू शकते. तिला हात लावला की मात्र नवे नियम दारात उभे राहतात. मी हात लावला होता.

मोबाइलच्या नावाने मी आधी बिचकले, कारण पेन्सिल्व्हेनियात मोटेल चालवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांची हकिकत मला माहीत होती. त्यांनी फोनच्या लाइनी काढून मोबाइलचा कम्युनिकेटर लावला होता, पण तो थ्रीजीवर चालणारा होता. एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी थ्रीजी बंद केले, आणि त्यापूर्वी अलार्मच्या धंद्याने मुदतवाढीसाठी एफसीसीकडे केलेली खटपट फळली नाही. स्नेह्यांना तीन वर्षांत दुसऱ्यांदा खर्च पडला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असे ते फोनवर म्हणाले आणि मग स्वतःच हसले. तांब्याची तार शंभर वर्षे टिकली. मोबाइलची पिढी दहा-पंधरा वर्षांत पालटते, तेव्हा हा खर्च पुन्हा येणार हे मनाशी धरूनच मी वहीत रकाना आखला आहे.

शेवटी आम्ही दोन वाटांचा कम्युनिकेटर घेतला. एक वाट एलटीईवरून, म्हणजे मोबाइलच्या जाळ्यावरून, आणि दुसरी इमारतीच्या इंटरनेटवरून. हा आता सूर काढत नाही, थेट आकडे पाठवतो, त्यामुळे चेपले जाण्याचा प्रश्न उरत नाही. दोन गोष्टींवर मात्र तंत्रज्ञ अडून बसला. यंत्र फायर अलार्मसाठी यूएल या सुरक्षा-चाचणी करणाऱ्या संस्थेची मान्यता असलेले हवे, चोरीच्या अलार्मची मान्यता असलेले त्याच्यासारखेच दिसणारे स्वस्त यंत्र चालणार नाही. आणि मोडेम व राउटरलाही बॅटरी हवी. त्याच्या हातातल्या मीटरवर तळघरात मोबाइलचा सिग्नल काठावरच होता, म्हणून अँटेना जिन्यातून वर, छताजवळ न्यावी लागली. त्या वायरीसाठी भिंतीला पाडलेल्या भोकाचा आणि ते आगरोधक लुकणाने बुजवल्याचा हिशेब वेगळा लागला.

भाऊजींना हे सगळे अती वाटत होते. “आपल्याकडे वॉचमन धावत जाऊन बघतो आणि १०१ फिरवतो,” असे ते दोनदा तरी म्हणाले. ते चूक नाही. महाराष्ट्रात २००६च्या अग्निप्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार मालकाला यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते, पण बातमी पोहोचवण्याचे काम मुख्यतः गेटवरच्या माणसाकडेच असते. आमच्या इमारतीच्या गेटवर माणूस नाही. खरे तर गेटही नाही.

कम्युनिकेटर बदलायलाही परमिट लागते, आणि काम झाल्यावर नगरपालिकेचे फायर सबकोड अधिकारी पाहणीला आले. त्यांनी आधी केंद्राला फोन करून आमचे खाते चाचणीवर टाकायला लावले, नाहीतर बंब दारात आले असते. मग इंटरनेटची केबल काढायला सांगितली आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत उभे राहिले. बिघाड पॅनेलवर २०० सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. तो त्याआधीच दिसला, पिवळा दिवा लागला आणि बीप सुरू झाली, आणि ती ऐकून मला झालेला आनंद बिलात सापडलेल्या दोन क्रमांकांच्या आनंदापेक्षा मोठा होता. केबल परत लावून त्यांनी अँटेना सोडवली, पुन्हा तेच. मग वरच्या मजल्यावर जाऊन जिन्यातली लाल खिटी ओढली. भोंगे सुरू झाले. कथकच्या वर्गातल्या मुली घुंगरू पायांत तशाच ठेवून, आधीच सांगून ठेवल्यामुळे हसत-खिदळत, पार्किंगमध्ये उतरल्या.

केंद्रातल्या मुलीने फोनवर वाचून दाखवले, “फायर अलार्म, झोन पाच, गालिच्यांचे दुकान.”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. संदेशातून जातो तो नुसता आकडा, ११० आणि ००५. त्या आकड्याचा अर्थ केंद्राच्या यादीत असतो, आणि ती यादी बसवल्यापासून कोणी उघडलेली नव्हती. मी तिथेच उभी राहून पाचही झोनची नावे आणि संपर्काचे तीन क्रमांक नव्याने सांगितले. पहिला माझा, दुसरा भाऊजींचा, तिसरा आमच्या यजमानांचा. झोन पाचशी आल्यावर त्या मुलीने ‘कथक’चे स्पेलिंग विचारले. मी एकेक अक्षर सांगितले, तिने ते परत वाचले, मग सगळे मिळून ‘कॅथॅक’ असे म्हणून पाहिले आणि हे नक्की कशाचे दुकान आहे, असे विचारले. नाचाचा वर्ग आहे, रोज संध्याकाळी साधारण वीस मुली असतात, असे मी सांगितले. तिने तेही लिहून घेतले.